एअर रायफल रेंज रविवारी सर्वांसाठी खुली केली; आता नियम लिहायचे कसे आणि मोठ्या माणसांना सांगायचे कोणी?

पांदण (धागाकर्ता)

मंडळी, जरा सविस्तर सल्ला हवा आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी (यवतमाळ जिल्हा, गावाचं नाव मुद्दाम देत नाही) क्रीडा संकुलाच्या जुन्या हॉलमध्ये १० मीटरची एअर रायफल-पिस्तुलाची रेंज सुरू झाली आहे. सहा लेन, कागदी टार्गेट, काही स्प्रिंगच्या रायफली, दोन वापरलेल्या पण चांगल्या टाकीवाल्या रायफली आणि एक पिस्तूल. रोज सरावाला येणाऱ्या पोरापोरींबद्दल तक्रार नाही. अडचण रविवारची आहे. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) कांस्य आणलं, तेव्हापासून गावात ज्याला त्याला एकदा नेम मारून पाहायचा असतो. म्हणून समितीनं रविवारची सकाळ सगळ्यांसाठी खुली केली. आता तिथे बाजार भरतो. लग्नाला आलेले पाहुणे, मामाच्या गावाला आलेली लेकरं, मोबाईल घेतलेले जावई.

मागे एक मान्यवर आले. दोन छर्रे मारले, तिसरा भरला आणि 'लय घट्ट आहे ना हे' म्हणत रायफलीसकट मागे वळले. नळी अख्ख्या रांगेवरून फिरली. पटकन खाली बसल्या त्या फक्त सरावाच्या दोन पोरी. बाकी सगळे हसतमुखानं उभे, कारण त्यांना टोकणार कोण? प्रशिक्षकाच्या तोंडून 'साहेब, जरा...' एवढंच निघालं. मग साहेबांनी तसंच उभं राहून फोटोही काढून घेतला.

समितीनं मला फलक लिहायला सांगितलं आहे. काय लिहू? आणि फलकाचं एक वेळ जमेल, पण वयानं-मानानं मोठ्या माणसाला अडवायचं कसं, तेही सांगा.

खर्रा_बहाद्दर

सोपं हाये भाऊ. मान्यवराले बिनछर्ऱ्याची बंदूक द्या. फट्‌कन आवाज आला का त्याइले वाटते नेम लागला. आपण टाळ्या वाजवायच्या, चहा पाजायचा, मोकळं व्हायचं.

दहा_पूर्णांक_नऊ

बहाद्दर भाऊ, हसले. पण पांदण, हे चुकूनही करू नका. एक तर स्प्रिंगची रायफल छर्ऱ्याशिवाय झाडली की पिस्टनसमोर हवेची गादी नीट तयार होत नाही, तो जाऊन आदळतो आणि सील, स्प्रिंग लवकर खराब होते. दुसरं महत्त्वाचं: 'रिकामीच आहे' असं सांगून कोणाच्या हातात बंदूक द्यायची नाही. ज्याला रिकामी दिली तो पुढच्या वेळी भरलेली रिकामी समजून हाताळेल.

मी मूळची अकोल्याची. आधी खेळत होते, आता शिकवते. माझं मत असं की फलकावर वीस नियम लिहिले तर कोणी एकही वाचत नाही. मोठ्या अक्षरात तीनच लिहा.

नळी कायम टार्गेटकडे. भरलेली असो, रिकामी असो, फोटो काढायचा असो.
नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.
रेषेच्या पुढे माणूस गेला की कोणीही बंदुकीला हात लावायचा नाही.

तिसऱ्यावर जास्त लिहिते, कारण खुल्या रेंजवर खरा घोळ तिथेच होतो. कागद बदलायला एक जण पुढे जातो, बाकीचे समजतात की आपण फक्त भरून ठेवतोय, नेम थोडाच धरतोय. नाही. भरायची नाही, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून पाहायची नाही, बाजूला सरकवायचीही नाही. बंदूक टेबलावर, नळी पुढे, लिव्हर किंवा बोल्ट उघडा, नळीत केशरी फ्लॅग आणि माणसं दोन पावलं मागे. फ्लॅग म्हणजे चमकदार रंगाची दोरी. आंतरराष्ट्रीय नियमांत एअर रायफल-पिस्तुलासाठी ती नळीच्या पूर्ण लांबीची असावी लागते. आरपार गेली म्हणजे आत छर्रा नाही, हे लांबूनही दिसतं. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही, आणि तुमच्या गावाच्या अडचणीवर हे निम्मं औषध आहे.

रोजच्या पोरांसाठी 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' हेच हुकूम ठेवा, उद्या स्पर्धेत तेच ऐकायचे आहेत. रविवारीही तेच चालवा. 'स्टॉप' मात्र कोणीही ओरडू शकतो. झाडूवाली मावशी म्हणाली तरी सगळ्यांनी थांबायचं, 'का' ते मागाहून विचारायचं.

पांदण

तीन नियमांचं पटलं. पण मॅडम, छर्रा एवढासा. लोक म्हणतात, 'हे काय लागते, चिमणी मरत नाही यानं.' त्यांना काय सांगू?

दहा_पूर्णांक_नऊ

आकडे सांगा. मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचा छर्रा साधारण अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. ऊर्जा होते साडेसात-आठ जूल. कागदाला भोक पाडायला एवढी लागतही नाही. डोळ्यावर बसली तर डोळा जातो.

आता पुढचं ऐका. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मि.मी. नळीची, २० जूलपर्यंतची एअरगन परवान्याशिवाय, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन विकत मिळते. म्हणजे रविवारी कोणी 'आपलीच आणली' म्हणून घरची बंदूक काढली, तर ती तुमच्या मॅच रायफलपेक्षा अडीचपट जोराची असू शकते. तुमचे छर्रे अडवायचे डबे तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. रविवारी फक्त रेंजच्याच बंदुका, हा नियम दारावरच लावा.

कपाशीवाला

विषय निघालाच हाये तर विचारतो. आमच्या वावरात रोही (नीलगाई) न् रानडुकरं रात्रीत तुरीचा सत्यानाश करून राहिले. ही बिनपरवान्याची एअरगन घेतली तर निदान हाकलाले कामी येईन का? रेंजवर नेम शिकाले मी पण येतो मंग.

दहा_पूर्णांक_नऊ

दादा, त्रास खरा आहे, पण हे करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला जातो. छर्ऱ्यानं रोही मरत नाही, जखमी होतं, कुठेतरी कुजत मरतं, आणि गुन्हा तुमच्या अंगावर. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. तो रस्ता वनखात्याच्या कार्यालयातून जातो, एअरगनच्या दुकानातून नाही. अरुणाचलमध्ये २०२१ पासून लोकांनी आपण होऊन एअरगन सरकारजमा करायची मोहीम चालवली, ती याच कारणानं. पाखरं आणि लहान प्राणी तिथे संपत आले होते.

रेंजवर मात्र जरूर या.

कपाशीवाला

कार्यालयाचे चक्कर मारून चपला झिजल्या ताई. पण समजलं.

संपादक

पीकनुकसानीवर वेगळा धागा आहे, तिकडे लिहावे. इथे रेंजपुरतेच.

फौजीकाका

राम राम. मी रिटायर हवालदार, बुलडाणा जिल्हा. पांदण, तुमचा फलक लय चांगला व्हईन, पण फलकानं रेंज चालत नाही. रेंज एका आवाजानं चालते. पलटणीत फायरिंग पॉइंटवर ज्याच्या हाती रेंज असते त्याचाच हुकूम. बाजूले कर्नल साहेब लेटले असले तरी 'रुक' म्हटलं का रुकतात. त्याइचा अपमान होत नाही, काहून का हुकूम त्याइच्यासाठी नसते, लाइनीसाठी असते.

तुमच्या कोचनं काय केलं? साहेबालेच 'साहेब, जरा' म्हटलं. तिथंच गडबड. एका माणसाले सांगाले गेलं का तो माणूस मोठा का लहान हा सवाल येतो. अख्ख्या लाइनीले सांगा. नळी हलली का जोरानं 'स्टॉप! सगळ्यांनी नळी समोर, बंदूक खाली!' मंग साहेब पण त्या सगळ्यांत आले. कोणाचं नावच घ्याची गरज नाही.

दुसरं, हुकूम देणाऱ्यानं त्या वेळी दुसरं काम कराचं नाही. छर्रे मोजणं, पैसे घेणं, पाहुण्याले चहा विचारणं, काहीच नाही. मी पाह्यलं तिथं तोच माणूस पावत्या फाडे न् तोच 'फायर' म्हणे.

जेव्हा लाइन संपते तेव्हा 'खाली कर', म्हणजे बंदूक रिकामी कर, मंग 'जाँच शस्त्र', प्रत्येकाची नळी दुसऱ्यानं पाहाची. स्वतःची स्वतः नाही. एनसीसीच्या पोट्ट्याइले पॉइंट टू टू रायफलीवर (काडतुसाची असते ती) हेच शिकवतात. तिथं चाप ओढला न् राऊंड नाही फुटला तर नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबाचं, लगेच बोल्ट नाही उघडाचा. तुमच्या एअरगनले ते लागत नसन.

दहा_पूर्णांक_नऊ

काका, 'लाइनीसाठी हुकूम' हे मी उचलणार.

एअरगनला राऊंड अर्धवट फुटणं नसतं, पण दुसरी भानगड असते. टाकीतली हवा संपत आली की आवाज बारीक येतो आणि छर्रा नळीतच अडकतो. नवखा माणूस म्हणतो 'उडालाच नाही', आणि वरून दुसरा भरतो. आवाज वेगळा आला, कागदावर भोक नाही, तर हात वर करून थांबायचं, एवढं प्रत्येकाला आधी सांगा.

पांदण

काका, पटलं. पण पलटणीत ज्याच्या हाती रेंज असते त्याच्यामागे सगळी पलटण उभी असते. आमच्या प्रशिक्षकाचं मानधन ज्या समितीच्या हातात, तिचेच अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन येतात. तो मोठ्यानं 'स्टॉप' म्हणेल आणि पुढच्या महिन्यात दुसरा प्रशिक्षक येईल.

फौजीकाका

हाव, हे खरं आहे. याले माझ्याकडे दवा नाही.

जिल्हापरिषदी

मी मुख्याध्यापक आहे, वाशीमकडे. आमच्याकडे रेंज नाही, पण मान्यवर भरपूर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, स्नेहसंमेलन, सगळ्यांचा अनुभव गाठीशी.

मोठ्या माणसाला मोठ्या माणसानं सांगितलं की लागतं, लेकरानं सांगितलं की कौतुक वाटतं. पाहुणे आले की थेट रेषेवर नेऊ नका. मागे खुर्चीवर बसवा. सरावातली सातवी-आठवीतली एखादी मुलगी उभी करा. तिनं स्वतः पाच छर्रे मारून दाखवायचे आणि मारता मारता मोठ्यानं बोलायचं: 'आता नळी समोर आहे, बोट बाहेर आहे, आता फ्लॅग लावला, आता मी मागे सरते.' मग तिनंच पाहुण्यांना हात धरून रेषेवर न्यायचं आणि शेजारी उभं राहायचं. तिनं 'काका, नळी समोर' म्हटलं तर जगात कोणाला राग येणार नाही. उलट फोटोत तीही येईल.

समितीच्या अध्यक्षांना हे 'सुरक्षा' म्हणून विकू नका, 'विद्यार्थिनीचं प्रात्यक्षिक' म्हणून विका. ठराव एका बैठकीत मंजूर होईल.

खर्रा_बहाद्दर

गुरुजी, तुमाले साष्टांग.

दहा_पूर्णांक_नऊ

कल्पना सुंदर आहे, एक दुरुस्ती. मुलीनं बोलायचं, पण जबाबदारी तिच्यावर टाकायची नाही. तिच्या मागे प्रशिक्षक हातभर अंतरावर हवाच, आणि पाहुणा वळायला लागला तर नळी अडवायची ती त्यानं, तिनं नाही. पाहुण्याला एका वेळी एकच छर्रा द्या, डबी हातात देऊ नका.

लेकीची_आई

मुली रेषेवर उभ्या करायच्या म्हणता, तर थोडं आमचंही ऐका. माझी मुलगी दोन वर्षं रायफल खेळते, वर्धा जिल्ह्यात. शिष्टाचार म्हटलं की मोबाईल बंद ठेवा, मागे बोलू नका इथेच गाडी थांबते. आमच्या रेंजवर रविवारी येणारे काका-मामा नेम धरलेल्या पोरीचा कोपर 'असा नाही, असा' म्हणत सरळ हातानं वर उचलतात. एक तर भरलेली बंदूक तिच्या हातात असते, म्हणजे ते धोक्याचंच. आणि दुसरं वेगळं सांगायला नको. न विचारता कोणी कोणाच्या अंगाला, जॅकेटला, बंदुकीला हात लावायचा नाही. प्रशिक्षकानंही आधी विचारायचं, मगच पोझिशन नीट करायची. हा चौथा नियम म्हणून त्याच फलकावर, तेवढ्याच अक्षरात लिहा.

आणि रील. मागून, बाजूनं, खाली बसून शूटिंग चाललेलं असतं, पोरीला माहीतही नसतं. व्हिडिओ फक्त स्वतःचा काढायचा, तोही मागच्या खुर्च्यांच्या रांगेतून. फोटोसाठी कॅमेऱ्याकडे नळी करायची नाही हे तर आलंच.

पांदण

ताई, चौथा नियम पक्का.

दहा_पूर्णांक_नऊ

हजार टक्के सहमत. मोबाईलच्या आवाजावर मात्र मी थोडी उलटी बोलेन. मोठ्या स्पर्धांच्या फायनलमध्ये आता संगीत असतं, प्रेक्षक ओरडतात. पोरांना स्मशानशांततेची सवय लावली तर तिथे हात कापतात. साधा गलका चालू द्या. बंद करायचं ते कानामागचं बोलणं: 'जरा डावीकडे घे', 'श्वास सोड', 'आता मार'. रेषेवर बोलायचा हक्क एकाचाच, काकांनी सांगितलाच आहे तो.

शेजारच्या टार्गेटवर छर्रा गेला तर लगेच हात वर करून सांगायचं. लपवलं की दोघांचे कागद बिघडतात आणि भांडण वेगळंच. नवख्यांचं हे होणारच, त्यात हसण्यासारखं काही नाही.

रक्तगट_ओ

मी डॉक्टर. धाग्यावर कोणी शिशाचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. मॅचचे छर्रे मऊ शिशाचे असतात. हातात धरले की बोटाला काळं लागतं, ते शिसं. एअरगनमध्ये काडतुसाचा धूर नाही, त्यामुळे हवेतून जाणारं शिसं काडतुसाच्या बंदुकीच्या रेंजपेक्षा कमी. मात्र बोटावरचं तोंडात जातं आणि डब्यात साचलेली पूड झाडताना उडते. लहान मुलांत शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं.

आता आपल्या भागाचं वैशिष्ट्य. छर्रे भरलेल्या बोटांनीच खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटायचा आणि त्याच बोटांनी दाढेखाली सरकवायचा. शिसं पोटात पोचवायची याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही. रेंजच्या हॉलमध्ये खर्रा, चिवडा, चहा, काहीही नको. बाहेर पडताना साबणानं हात धुवायचे, सॅनिटायझर चालत नाही, त्यानं शिसं निघत नाही. छर्रे ओठात धरायची पोरांना खोड असते, ती पहिल्या दिवशीच मोडा. हॉल कोरडा झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. आणि ती झाडूवाली मावशी वर कोणीतरी म्हटलं, तिला हातमोजे आणि मास्क द्या. सगळ्यात जास्त पूड तिच्याच वाट्याला येते.

खर्रा_बहाद्दर

डॉक्टर साहेब, माझ्या आयडीवर असा थेट नेम नोका धरू.

(पण हात धुवाचं ध्यानात ठेवतो. खरंच.)

वणीकर

मागची भिंत कशाची आहे तुमची? हे कोणी विचारलंच नाही. छर्ऱ्याच्या डब्यावर सगळे बोलतात, पण रविवारचा नेम डब्यात जाते कुठं! वरून जाते, बाजूनं जाते, कधी छताच्या टिनाले लागते.

पांदण

डबे बाजारचे, लोखंडी. मागे आम्ही सागाच्या जुन्या दारांच्या फळ्या लावल्यात, त्यामागे विटांची भिंत.

वणीकर

फळ्या काढा भाऊ, आजच. टणक लाकडावरून छर्रा उलटा येते. आमच्याइकडं कोळशाच्या खाणीतला वापरलेला कन्व्हेयर बेल्ट भंगारात भेटते. जाड रबर, आत कापड. तो पडद्यासारखा लोंबता सोडा, भिंतीपासून वीतभर पुढं. ताणून खिळे ठोकू नका; ताणलेला रबर छर्रा परत फेकते, लोंबता असला का तो मागं हलते न् छर्रा खाली पडते. लोखंडी पाटी लावाचीच असली तर वरची कड आपल्याकडं झुकलेली, ४५ अंशात, म्हणजे छर्रा खाली वाळूच्या ट्रेमध्ये जाते. बोल्टचं डोकं मारणाऱ्याच्या बाजूनं ठेवू नका, त्यावर आपटला तर कुठं उडन त्याचा नेम नाही. स्टीलचे गोल बीबी छर्रे तर हॉलात आणूच देऊ नका, ते लयच उलटे येतात.

दहा_पूर्णांक_नऊ

वणीकर, सोन्यासारखं लिहिलंत. यात भर: रेषेवर उभ्या प्रत्येकाला साधा प्लास्टिकचा संरक्षक चष्मा, वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तो पारदर्शक. रविवारी तरी सक्तीचा.

पांदण, हॉलला पुढच्या बाजूनं, म्हणजे टार्गेटच्या अंगानं, दार आहे का?

पांदण

दोन आहेत. एक कायम बंद. दुसऱ्यातून समितीच्या खुर्च्या आणि मंडपाचं सामान काढतात. आणि उन्हाळ्यात तिथल्याच खिडकीत कूलर असतो, त्यात पाणी भरायला चौकीदार आत येतो.

दहा_पूर्णांक_नऊ

मग तुमचा पहिला धोका ते मान्यवर नाहीत, तो चौकीदार आहे. मे महिन्यात भर दुपारी कूलर आटला की तो माणूस बादली घेऊन रेषेच्या पुढे येणार, आणि मागे वळून पाहणारही नाही, कारण रोजचंच आहे. दाराला आतून कडी, चावी रेंज चालवणाऱ्याच्या खिशात, बाहेर लाल दिवा किंवा लाल झेंडा. सराव सुरू असेपर्यंत ते दार उघडणारच नाही. कूलर रेषेच्या मागे हलवा. तसंही पुढून वारा आला की कागद फडफडतो आणि पोरांना वाटतं आपला हात हलतोय.

उन्हाळ्यावरून आणखी एक. टाकीवाल्या रायफली गाडीत, उन्हात ठेवू नका. २०० बार दाबानं भरलेली टाकी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली तर दाब २२० च्या वर जातो, आणि बंद गाडीत आपल्याकडे तेवढी उष्णता सहज होते. तुमच्या दोन्ही रायफली वापरलेल्या आहेत ना? टाकीवर तारीख कोरलेली असते, ती पाहा. १० वर्षं उलटली असतील तर ती टाकी वापरायची नाही, मग रायफल कितीही छान असो.

पांदण

एकीची तारीख पुसट आहे, वाचता येत नाही.

दहा_पूर्णांक_नऊ

मग ती संपली असंच समजा. नवी टाकी येईपर्यंत रायफल कपाटात.

लेकीची_आई

आणि लाइट गेली तर? आमच्याकडे भर सरावात जाते, हॉलमध्ये खिडक्या उंच, गुडूप अंधार. पहिल्यांदा झालं तेव्हा सगळे मोबाईलचा टॉर्च शोधायला खिशात हात घालत होते आणि दुसऱ्या हातात भरलेली बंदूक.

फौजीकाका

बाई, हे लाख मोलाचं. लाइट गेली म्हणजेच 'स्टॉप', कोणी ओरडो का न ओरडो. जागचं हलाचं नाही, बोट बाहेर, नळी समोर, हळूच टेबलावर ठेवून हात मोकळे. टॉर्च एकाकडेच, रेंजवाल्याकडे, गळ्यात अडकवलेला. तो एकेकाजवळ येऊन खाली करून घेईन. नव्या पोट्ट्याइकडून मुद्दाम दिवे बंद करून ही प्रॅक्टिस घ्या, रिकाम्या बंदुकीवर.

जिल्हापरिषदी

दसरा लांब असला तरी आताच लिहून ठेवतो. शस्त्रपूजेला या रायफली मांडल्या जाणार, हे मी लिहून देतो. हळदीकुंकू, फुलं, आणि नंतर प्रत्येक जण एकेक उचलून फोटो काढणार.

पांदण

गुरुजी, गेल्या दसऱ्याला झालंच. एकीच्या मागच्या साईटमध्ये कुंकू गेलं, साफ करायला आठवडा लागला.

दहा_पूर्णांक_नऊ

पूजा जरूर करा, आम्हीही करतो. पण फ्लॅग नळीत, बोल्ट उघडा, टाकी काढून बाजूला, आणि कुंकू कुंद्याला. नळी, साईट, ट्रिगर सोडून. आरती झाली की कपाटाला कुलूप.

वकीलपत्र

त्याच दिवशी काही हौशी लोक स्वतःचं परवान्याचं पिस्तूल कमरेला लावून येतात, आणि एखाद्याला आनंदात वर बार काढायची हुक्की येते. शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं हा वेगळा गुन्हा केला आहे: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रेंजच्या आवारात हे घडलं तर समितीलाही पोलिसांना उत्तरं देत बसावं लागेल. अध्यक्षांना मुलीचं प्रात्यक्षिक नाही पटलं, तर हे वाक्य वाचून दाखवा.

पांदण

सगळ्यांचे आभार. बुधवारी समितीची बैठक आहे. चार नियमांचा फलक, गुरुजींचं प्रात्यक्षिक, रविवारी रेंज चालवणारा वेगळा आणि पावत्या फाडणारा वेगळा, पुढच्या दाराची कडी, कूलर मागे, फळ्या काढून बेल्ट. एवढं एका कागदावर नेतो. प्रशिक्षकाच्या मानधनाचं मात्र वेगळं बघावं लागेल. ते समितीऐवजी पालकांच्या वर्गणीतून देता येतं का, हे विचारून ठेवलंय.

एकच राहिलं. केशरी फ्लॅग इथे कुठे मिळणार? ऑनलाइन महाग पडतात, आणि रविवारची पोरं आठवड्यात हरवतील.

वणीकर

कृषी केंद्रात जा. गवत कापाच्या मशीनमध्ये लागते ती नायलॉनची दोरी, केशरी रंगाची पाहून घ्या. २.४ मि.मी. ची घ्या. ३ ची पण जाते, पण रिळावरचा बाक राहिला का नळीत घासते.

कपाशीवाला

माझ्याजवळ अर्धं रीळ पडलं हाये, केशरीच. रविवारी आणतो. लांबी केवढी कापू?

दहा_पूर्णांक_नऊ

नळीपेक्षा वीतभर जास्त, दोन्ही टोकं बाहेर दिसली पाहिजेत. पिस्तुलासाठी वेगळी, आखूड. टोक तिरकं कापू नका, धार राहते. सरळ कापून सँडपेपरवर जरा घासा. आणि जाळून गोल करायचा मोह आवरा, गोळा झाला तर ते टोक नळीतून जातच नाही.